आत किती माणसं आहेत?

अग्निशमन सेवा सप्ताहात परभणीला दिलेलं व्याख्यान. बोललेलं तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केली.

नमस्कार. बसा बसा. मागची पोरं उभी कामून राहिलीत, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत की. माईक येतोय ना मागंपर्यंत? बरं.

आपला हा कार्यक्रम बरोबर १४ एप्रिलला कधी होत नाही, दोन-तीन दिवस पुढं सरकतोच, आणि ते रास्तच आहे. त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, आपले सगळे बंब अन् सगळी माणसं मिरवणुकीच्या बंदोबस्ताला असतात. पण तारीख विसरायची नाही. १४ एप्रिल १९४४, मुंबईचं व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. कापूस म्हटलं की आपल्या लोकांना सांगायला नको तो कसा पेटतो. दुपारी दोनच्या सुमारास आगीची बोंब झाली आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मधले दोन तास काय चाललं होतं? कुणी म्हणे जहाज बुडवा, कुणी म्हणे गोदीबाहेर ओढून न्या, कुणी म्हणे पाणी मारत राहा. हुकूम द्यायला माणसं भरपूर होती, ज्याचा शब्द शेवटचा असा एक माणूस नव्हता. आपले ६६ जवान गेले. आपण दरवर्षी दोन मिनिटं उभे राहतो ते त्यांच्यासाठी, पण त्या दोन तासांवर आपण कधी बोलत नाही, म्हणून आज मी मागून हा विषय घेतलाय.

पत्रिकेवर छापलंय, ‘घटनास्थळावरील नेतृत्व व जवानांची जबाबदारी’. जबाबदारी हा शब्द मला नको होता. जबाबदारी म्हटलं की आपल्याकडं लगेच कुणाला तरी नोटीस निघते. मला म्हणायचंय हिशोब. जवानांचा हिशोब. ह्या घडीला आत किती, कोण कोण, कुठं आणि किती वेळ झाला. बास, चार गोष्टी. हे ज्याला सांगता येतं तो आगीवरचा प्रमुख, मग त्याच्या खांद्यावर काहीही असू द्या.

आणि हे काही परदेशातून आणायची गरज नाही. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दिवाळीच्या आगंमागं, तुम्ही बघता दरवर्षी. मुकादमाला झोपेतून उठवून विचारा, किती कोयते, म्हणजे ऊस तोडणारी किती जोडपी? तो आकडा सांगतो. कुठला कोयता कुठल्या फडात, कुणाची बायको आजारी म्हणून कोपीवर थांबली, कुणाचं लेकरू कुणापाशी ठेवलंय, सगळं तोंडपाठ, कारण त्यानं उचल दिलेली असते, त्याचा पैसा अडकलेला असतो. पैशासाठी माणूस इतका हिशोब ठेवतो. आपण जिवासाठी ठेवत नाही, हे मला पटत नाही.

किल्लारीचं सांगतो, विषयाला धरूनच आहे. मी भरती झालो १९९१ ला, दोन वर्षांत किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. माळवदाची घरं, हातभर-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, सगळा मातीचा ढीग, गल्ली कुठली अन् घर कुठलं कळंना. कुठं खोदायचं हेच कळत नव्हतं. एका ढिगाऱ्यापाशी एक म्हातारी बसलेली होती. विचारलं, आजी, घरात किती होते? तिनं काडी घेतली आणि मातीत रेघ ओढली. म्हणे हे दार. हितं ओसरीवर दोघं. हितं माजघरात थोरला, त्याची बायको अन् दोन लेकरं. हितं आतल्या खोलीत धाकटी सून, बाळंतीण हाय, कुशीला लेकरू. तिच्या रेघेवर आम्ही खोदलं. आठच्या आठ माणसं तिनं सांगितलं तिथंच निघाली. धाकटी सून आणि लेकरू जिवंत होते. शेजारच्या घराचं सांगायला कुणी उरलं नव्हतं, तिथं आम्ही दिवसभर अंदाजानं माती उपसली.

ती काडीची रेघ माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मला आयुष्यात भेटलेला सगळ्यात चांगला कमांड बोर्ड, म्हणजे कोण कुठं आहे ते दाखवणारी पाटी, तो.

आता जिनिंगची गोष्ट. ज्यांनी आधी ऐकलीये त्यांनी आज पुन्हा ऐका, कारण त्या रात्रीचा एक माणूस आज इथं बसलाय.

डिसेंबर, कापसाचा भर सीझन. गाव सांगत नाही. रात्री अकराच्या पुढं वर्दी आली, जिनिंगच्या गोडाऊनला आग. आमचा एक बंब निघाला, शेजारच्या तालुक्याचा आला, साखर कारखान्याचा आला. तीन बंब, सतरा-अठरा माणसं. बघा, इतकी वर्षं झाली तरी मी सतरा-अठराच म्हणतोय. नेमका आकडा त्या रात्री कुणाकडंच नव्हता आणि आजही नाही.

गठाण कशी असते तुम्हाला माहितीये. १७० किलोच्या आसपास, पट्ट्यांनी आवळलेली. वरून पाणी मारलं की वरचा थर काळा पडून विझतो आणि आतून ती धुमसत राहते, दोन दिवसांनी परत पेटते. म्हणून गठाणी ओढून बाहेर काढायच्या, पट्ट्या तोडायच्या, फोडायच्या. म्हणून माणसं आत जातात. त्यात लाईट गेलेली, बंबाचे हेडलाईट तेवढे, आणि धूर असा की आपला हात आपल्याला दिसंना.

आणि हुकूम किती! मालक म्हणतो आधी पलीकडचा नवा माल वाचवा. महसूलवाले म्हणतात मागची वस्ती बघा. एक पुढारी टॉर्च घेऊन आमच्या पोराच्या दंडाला धरून म्हणायलेत, इकडून मार, इकडून मार. कारखान्याच्या बंबावरची माणसं फक्त आपल्या ड्रायव्हरचं ऐकायलेत. लग्नाच्या पंगतीसारखं बघा, ज्याला त्याला वाढायची हौस, भाजी पाच जण आणतात आणि पाणी कुणीच आणत नाही. हसताय, पण तुमच्या मागच्या आगीवर काय झालं ते आठवा.

मी कुठं होतो? मी लिडिंग फायरमन, आमच्या बंबाचा प्रमुख मीच, आणि मी ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, धरून आत होतो. मला वाटायचं पुढं राहणं म्हणजेच प्रमुख असणं. माझं काम बाहेर उभं राहायचं होतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते काम माझंच होतं.

दोनच्या सुमारास पत्र्याचा आवाज आला. अँगल तापून वाकायलेत, वरून स्क्रू तटातट तुटायलेत. आम्ही मागं सरकलो, आणि कुणीतरी ओरडलं, अरे तो पोरगा कुठंय? आमचा ब्रँचमन, २२ वर्षांचं पोर, घरी तीन महिन्यांचं लेकरू. मघाशी उजव्या दारापाशी होता. कुणी म्हणे आत जाताना बघितला, कुणी म्हणे बाहेर येताना बघितला, दोन्ही शपथेवर. तिघं जण ओले रुमाल तोंडाला बांधून आत घुसले. बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलेंडर अन् तोंडाचा मास्क, कुठला तेव्हा. मी नको म्हणालो नाही. म्हणू शकलो नाही. तिघं आत असताना छताचा तुकडा खाली आला, दोघं निसटले, एकाच्या उजव्या पायावर अँगल पडला. त्याला ओढून काढला तेव्हा त्याचा बूट तसाच आत राहिला.

आणि वीसेक मिनिटांनी कारखान्याचा बंब पाणी भरून परत आला. टपावर आमचा पोरगा बसलेला, अंगावर घोंगडी. विहीर तीन किलोमीटरवर, ड्रायव्हरला वाट माहीत नव्हती, याला माहीत होती, म्हणून त्यानं सोबत घेतला. विहिरीवरच्या गड्यानं पोर भिजून थरथरतंय बघून घोंगडी दिली होती. खाली उतरला, बूट नसलेला पाय बघितला, आणि रडतच मला म्हणाला, दादा, मी त्या काकाला सांगून गेलतो की. खरं होतं. सांगूनच गेला होता. फक्त ज्याला सांगायचं तो माणूस तिथं नव्हता.

तो पायवाला तिसऱ्या रांगेत बसलाय, पांढरा शर्ट. नाव घेत नाही, त्याला आवडत नाही. जो आत नव्हताच त्याला शोधायला तो गेला होता.

हे फक्त आपल्या खेड्यापाड्यात होतं असं नाही. अमेरिकेत वुस्टर नावाचं शहर आहे, ३ डिसेंबर १९९९, एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज पेटलं. आत बेघर माणसं राहतात असं कळलं म्हणून दोन जवान शोधायला गेले आणि वाट चुकले. ती बेघर माणसं आधीच बाहेर पडलेली होती. मग त्या दोघांना शोधायला चौघं गेले, तेही आले नाहीत. सहा गेले. तेव्हा तिथला चीफ, माइक मॅकनामी, जिन्याच्या दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला आता कुणी वर जायचं नाही. पोरं त्याच्या अंगावर धावून येत होती, आपली माणसं वर आहेत म्हणून. तो हलला नाही. मला विचाराल तर त्या रात्री सगळ्यात अवघड जागा ती दाराची होती. मी जिनिंगच्या दारात तसा उभा राहिलो असतो तर तिसऱ्या रांगेतला माणूस आज नीट चालला असता.

आणि माझी खरी तक्रार तर पुढंच आहे. आगीनंतर चौकशी लागली. कार्यालय कुठलं ते सोडा. मला काय काय मागितलं ऐका. बंबाचं लॉगबुक, किती किलोमीटर, डिझेल किती लिटर, पंप किती तास चालला, पाण्याच्या खेपा किती, होज, म्हणजे पाण्याचे पाइप, किती फाटले. सगळ्याला रकाना होता, सगळं मी भरून दिलं, डिझेलच्या तर दशांशावरून दोनदा परत पाठवलं. आत किती माणसं गेली, कधी गेली, कधी बाहेर आली, याला रकाना नव्हता. मी पेनानं खाली एक रेघ मारून लिहिलं, तर वरून शेरा आला, नमुन्याबाहेरील मजकूर लिहू नये. हजेरीपट स्टेशनच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बाबूकडं. आग लागलेल्या ठिकाणी आमचा हिशोब म्हणजे कोरा कागद. डिझेल महाग आहे हे मला मान्य आहे हो. पण...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, जे सांगायला आलो ते आता पटापट सांगतो, पोरांनो लिहून घ्या.

पहिला बंब पोचला की त्याच्यावरचा जो मोठा तो प्रमुख. वायरलेसवर किंवा मोबाईलवर मोठ्यानं सांगायचं, कमांड माझ्याकडं, मी अमुक ठिकाणी उभा आहे. मग ती जागा सोडायची नाही, ब्रँचला हात लावायचा नाही. वरचा अधिकारी आला तर समोरासमोर सगळं सांगून कमांड द्यायची, तोवर प्रमुख तुम्हीच. आमदार आले, मालक आला, सगळ्यांना नमस्कार करून त्याच एका माणसाकडं पाठवायचं. एका माणसाला पाचच्या वर माणसं सांभाळता येत नाहीत, फार तर सात, म्हणून माणसं वाढली की बाजू वाटून द्यायच्या, पुढची तुझी, मागची तुझी. ही पद्धत कॅलिफोर्नियात १९७० च्या वणव्यांनंतर बसवली, आपल्या एनडीएमएनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, २०१० ला त्यावरून मार्गदर्शक सूचना काढल्यात, कागदावर आपल्याकडं सगळं आहे.

आत जायचं तर दोघांनीच, एकट्यानं कधीच नाही. आणि बाहेर दोघं तयार, सेट चढवून, फक्त आतल्यांसाठी.

बीए सेट ज्यांच्याकडं आहे त्यांनी हे गणित पाठ करा. ६ लिटरचा सिलेंडर, ३०० बार दाब, म्हणजे १८०० लिटर हवा. काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर धरा. ४५ मिनिटं झाली. त्यातले शेवटचे ५० बार राखीव, शिट्टी वाजायच्या आत बाहेर यायचं, म्हणजे हातात ३७ मिनिटं. आणि मे महिन्यात जाड ड्रेस घालून गठाणी ओढताना माणूस ४० वर थांबत नाही, म्हणून मी पोरांना २० मिनिटांत बोलावून घेतो. लंडनला १९५८ च्या जानेवारीत स्मिथफिल्ड मार्केटच्या तळघरात दोन जवान असेच हवा संपून गेले, त्यानंतर तिथं दारावर बिल्ला जमा केल्याशिवाय आत जायचं नाही हे पक्कं झालं. आत जाताना बिल्ला दारातल्या माणसाकडं, त्यावर प्रेशर आणि वेळ लिहायची, बाहेर आलं की बिल्ला परत. दर २० मिनिटांनी नावानं पुकारा. आणि माघारीचा इशारा आधीच ठरलेला, सगळ्या बंबांचे हॉर्न एकदम, लांब. हॉर्न ऐकला की होज तिथंच टाकून बाहेर, मग पुन्हा मोजणी.

इमारत किती वेळ झाली जळतेय हेही लिहा. ९ मे २०१५, मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास, जुनी लाकडी इमारत, ती कोसळली आणि नेसरीकर साहेब, अमीन साहेब, राणे साहेब, देसाई साहेब, चार अधिकारी आपण गमावले. एवढी अनुभवी माणसं. तिथलं मी जास्त बोलत नाही, मला बोलवत नाही.

कारखानदार मंडळी बसलीत, त्यांना एकच. वाळूजला ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे कारखान्यात झोपलेले सहा कामगार गेले. रात्री आत कोण झोपतं याची यादी गेटवर, वॉचमनकडं लावा. बंब आला की पहिला प्रश्न आम्ही तोच विचारणार.

झालं, झालं. हा बोर्ड बघा. दोन फुटी प्लायवूड, वर खिळे. बिल्ले भांड्याच्या दुकानात करून घेतलेत, तो भांड्यावर नावं टाकणारा नसतो का, टर्र टर्र करत, त्यानं स्टीलच्या चकत्यांवर आमच्या सगळ्यांची नावं टाकून दिली. पहिल्या दिवशी पोरं म्हणाली, दादा, हे काय बस्त्यातल्या ताटवाट्यांसारखं. पुढच्या आगीत, सरकीच्या गोडाऊनला, एकदा माघारीचा हॉर्न दिला आणि एक बिल्ला खिळ्यावर राहिला. नाव वाचलं, दार माहीत होतं, वेळ माहीत होती. दोघं आत गेले आणि चार मिनिटांत त्याला घेऊन बाहेर आले, होजमध्ये पाय अडकला होता.

बोर्ड चहाच्या टेबलापाशी ठेवतो. हात लावून बघा, फोटो काढा, मापं घ्या, खिळ्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा म्हणजे हातमोजे घालूनही बिल्ला निघतो. फक्त बिल्ले जागच्या जागी लावा. २२ आहेत, येताना मोजून आणलेत.