सिलिंगचं वावर आणि घटनेचं आढं

मे सरत आलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात मृगाआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायची घाई आहे. वर दोघं जण चढलेत. फुटके कवेलू खाली येतात, साबूत वर जातात. अंगणातून घरधनी ओरडतो, "आड्याले हात नोको लावजो बा!" आढं म्हणजे छपराचा भार पेलणारं मधलं आडवं लाकूड.

घरधन्याकडे चार एकर कोरडवाहू वावर आहे. सिलिंगचं, बापाला मिळालेलं. लोखंडी पेटीतून तो सातबारा काढतो. कागद घडीवर फाटलाय, मागून सेलोटेप लावलाय. 'भोगवटादार वर्ग २' या ओळीवर तो बोट ठेवतो. "कसता येते, इकता नाई येत. कलेक्टरले इचारा लागते."

या चार एकरांचा आणि दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाचा संबंध जुना आहे.

शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६१ चा. गावात त्याला नुसतं सिलिंग म्हणतात. १९७५ मध्ये मर्यादा आणखी खाली आली, कोरडवाहूला ५४ एकर. त्यावरची जमीन सरकारजमा, मग भूमिहीनांना वाटप. यानं शेतीचं भलं झालं की वाटोळं, यावर पारावर आजही आवाज चढतील. तो वाद राहू द्या.

असे कायदे कोर्टात अडकू नयेत म्हणून १९५१ मध्येच घटनेला नववं परिशिष्ट जोडलं होतं. त्यात कायदा टाकला, की मूलभूत हक्क मोडला म्हणून तो रद्द करता येत नसे. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं आणखी ४४ कायदे तिथे नेऊन ठेवले. आपला सिलिंग कायदा त्यांतलाच. त्या दुरुस्तीविरुद्ध सज्जनसिंह खटला उभा राहिला आणि पाच न्यायमूर्तींनी दुरुस्ती कायम केली.

त्या पाचांत एक होते ज. र. मुधोळकर. वडील अमरावतीचे नामांकित वकील, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. मुधोळकरांनी दुरुस्ती रद्द केली नाही, पण निकालात एक शंका लिहून ठेवली. घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं, तर तिला दुरुस्ती म्हणायचं, की घटनेचा तो भाग नव्यानं लिहिणं म्हणायचं? अंगणातल्या घरधन्याला विचारा. कवेलू आणि आढं यांतला फरक तो लगेच सांगेल.

कोर्टाला मात्र वेळ लागला. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती खटल्याचा निकाल. केशवानंद हे केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी, आणि वाद पुन्हा जमिनीचाच. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, निकाल ७ विरुद्ध ६. संसदेला घटनेचं कुठलंही कलम बदलता येईल, पण मूलभूत चौकट मोडता येणार नाही.

बरं, चौकटीत येतं काय? याची यादी घटनेत कुठेच नाही. जर्मनीनं १९४९ च्या आपल्या घटनेत कशाला हात लावायचा नाही ते कलम ७९ मध्ये लिहूनच ठेवलं. आपल्याकडे ते न्यायाधीशांनी शोधलं, आणि प्रत्येकाला थोडं वेगळं सापडलं. सरन्यायाधीश सिक्रींनी घटनेची सर्वोच्चता, लोकशाही गणराज्य, धर्मनिरपेक्षता, सत्तेची विभागणी, संघराज्य ही नावं घेतली. शेलत आणि ग्रोव्हर यांनी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि देशाची एकता त्यात घातली. कुणी सरळ उद्देशिकेकडे बोट दाखवलं.

१९७५ मध्ये पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर नेणारं ३९व्या दुरुस्तीतलं कलम रद्द झालं. तेव्हा न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडांनी शोधायची रीत सांगितली. ते तत्त्व घटनेच्या मांडणीत कुठे बसतं ते पाहा, कशासाठी आहे ते पाहा, आणि ते नाकारलं तर देशाच्या कारभाराचं काय होईल तेही पाहा. म्हणजे यादी कधी पुरी व्हायचीच नाही. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात तर दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा असणं हेच चौकटीत जाऊन बसलं.

आणि ज्या जमिनीपायी माणसं कोर्टात गेली, ती? मालमत्तेचा हक्क चौकटीत येत नाही, हे न्यायमूर्ती खन्नांनी केशवानंद खटल्यातच म्हटलं होतं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं तो मूलभूत हक्कही राहिला नाही. जमीनदारांनी लढून मिळवलं ते देशाच्या कामी आलं, त्यांच्या नाही.

विदर्भाचा वाटा इथे संपत नाही. सिलिंगविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात २,६६० हून जास्त याचिका पडल्या होत्या. आणीबाणी चालू होती. १३ ऑगस्ट १९७६ ला नागपुरात बसलेल्या खंडपीठानं त्या फेटाळल्या. प्रकरण दिल्लीला गेलं आणि वामनराव खटला म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारखेची रेघ ओढली. २४ एप्रिल १९७३ च्या आधी परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित, नंतरचे चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. सिलिंगमधल्या नव्या सुधारणा १९७६ मध्ये परिशिष्टात गेल्या होत्या, म्हणजे रेघेनंतर. तरी त्या टिकल्या, कारण जमीनसुधारणेच्या कायद्यांना संरक्षण देणारं घटनेचं कलम ३१अ त्यांच्या पाठीशी होतं. जमिनीतली विषमता कमी करणारं हे कलम चौकट मोडत नाही, उलट बळकट करतं, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

घरधनी हे सगळं ऐकून घेतो. सातबारा घडी करून पेटीत ठेवतो. वरचा माणूस शेवटची ओळ लावून शिडीनं उतरतोय.

"ते ठीक हाये भाऊ," तो म्हणतो. "पन हे वर्ग दोन कधी निघन?"