माजी विद्यार्थ्यांची मदत कुठे पोहोचते, कुठे अडते

मित्रहो, माजी विद्यार्थ्यांचा विषय निघाला की बोलणं लगेच देणग्यांवर जातं. मी मात्र यादीपासून सुरुवात करणार आहे, कारण यादी धड नसेल तर पुढचं सगळंच अडतं.

अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजच्या पदवीधरांनी १८२१ मध्ये आपला संघ काढला. अखंड चालत आलेला सर्वांत जुना माजी विद्यार्थी संघ म्हणून तो ओळखला जातो. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन नव्या ॲमहर्स्ट कॉलेजकडे निघून गेले होते आणि विल्यम्स टिकतं की नाही, असा प्रश्न उभा होता. अशा वेळी हाकेला धावून येणारी माणसं हवी असतील, तर ती कुठे आहेत हे आधीपासून माहीत असावं लागतं.

बहुतेक याद्या पदवीच्या वर्षीच बिघडतात. विद्यापीठाने दिलेला ईमेल नोंदवला जातो आणि काही महिन्यांत तो बंद होतो. म्हणून पदवीदानाच्या अर्जावरच खाजगी ईमेल, फोन आणि संपर्काला संमती आहे का, हे विचारून घ्या. माणसाची ओळख नावावरून ठेवू नका, नोंदणी क्रमांकावरून ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललं की एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात, मग तिला दोनदा पत्रं जातात किंवा एकही जात नाही. प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी तपासली, ती तारीख हवी. आणि ही यादी कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकायची नाही. ज्यांनी विश्वासाने नंबर दिला, त्यांना दुसऱ्याच दिवशी विम्याचे फोन येऊ लागले, तर ते पुन्हा तुमचा फोन उचलणार नाहीत.

यादी जिवंत ठेवायला प्रत्येक तुकडीचे प्रतिनिधी लागतात. एका प्रतिनिधीकडे वीस-पंचवीस माणसं पुरेत. शंभर नावं दिली की तो एक सामायिक निरोप टाकून मोकळा होतो. वीस असतील तर फोन करतो.

आता वेळेची मदत. सगळ्यांत जास्त होतं ते 'माझा प्रवास' छापाचं भाषण, आणि विद्यार्थ्यांच्या हाती सगळ्यांत कमी लागतं तेही त्यातूनच. त्याऐवजी तुमच्या कामातला एखादा खरा, न सुटलेला प्रश्न आणि त्याची आकडेवारी, गोपनीय भाग वगळून, प्रकल्पासाठी द्या. मार्गदर्शन करायचं असेल तर एकाकडे दोन-तीन विद्यार्थी, सहा महिने मुदत, महिन्यातून एक भेट, पाऊण तास. सहाही तारखा पहिल्याच भेटीत ठरवा. 'कधीही फोन कर' असं सांगितलेला विद्यार्थी संकोचाने कधीच फोन करत नाही आणि दोन भेटींनंतर सगळं थंडावतं. दर भेटीआधी विद्यार्थ्याने दोन प्रश्न लिहून पाठवावेत, एवढी एक अट ठेवली तरी बोलणं भरकटत नाही. नोकरीचं आश्वासन मात्र देऊ नका. अर्ज तपासून द्या, मुलाखतीचा सराव घ्या, क्षेत्रातल्या माणसांशी गाठ घालून द्या.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दरवर्षी येणारी, अट नसलेली छोटी देणगी संस्थेला सर्वाधिक उपयोगी पडते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पदवीधरांनी १८९० मध्ये असा वार्षिक निधी सुरू केला, तो याच विचाराने. नावाची पाटी असलेल्या इमारतीला देणगीदार मिळतो; तिच्या विजेचं बिल, सफाई आणि गळणारं छप्पर यांना कुणी मिळत नाही. इमारत द्यायचीच असेल, तर देखभालीचा निधीही सोबत द्या. उपकरणांचंही तसंच. यंत्र आलं, पण चालवणारा माणूस नाही, लागणारी रसायनं नाहीत, दुरुस्तीचा करार नाही, म्हणून ते खोक्यातच धूळ खात पडतं. देण्याआधी विभागाला विचारा: ठेवणार कुठे, चालवणार कोण, दुसऱ्या वर्षीचा खर्च कशातून?

कायम निधीतून शिष्यवृत्ती द्यायची, तर हिशेब साधा आहे. मूळ रकमेच्या सुमारे ४ टक्के दरवर्षी खर्च करायचे, बाकीचं उत्पन्न महागाईला तोंड द्यायला मुद्दलात परत टाकायचं. म्हणजे वर्षाला ४० हजार द्यायचे तर मुद्दल १० लाख हवं. चलन कोणतंही असो, पट पंचविसाचीच. पहिल्या वर्षी उत्पन्न साठू द्यावं आणि वाटप दुसऱ्या वर्षापासून करावं. हे न सांगितल्यामुळे पहिल्याच वर्षी देणगीदार नाराज होतात.

त्याहून मोठी चूक अटींमध्ये होते. अमुक विषय, अमुक गाव, अमुक टक्क्यांच्या वर, अशी चाळणी लावली की पात्र विद्यार्थीच सापडत नाही आणि पैसे पडून राहतात. एक मुख्य अट ठेवा. त्याखाली लिहा की पात्र उमेदवार नसेल तर रक्कम कुणाला द्यायची आणि तो विभागच बंद झाला तर काय करायचं. निवड समितीत देणगीदार नसावा.

हे आधीच स्पष्ट ठरवलेलं नसलं की काय होतं, याची दोन उदाहरणं सर्वश्रुत आहेत. येलला एका माजी विद्यार्थ्याने पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी २ कोटी डॉलर दिले होते. प्राध्यापकांच्या नेमणुकीत त्याला अधिकार हवा होता, विद्यापीठाने तो नाकारला आणि १९९५ मध्ये सगळी रक्कम परत केली. प्रिन्स्टनला १९६१ मध्ये मिळालेल्या साडेतीन कोटी डॉलरच्या देणगीवरून तर देणाऱ्यांच्या वारसांनी २००२ मध्ये दावा लावला. पैसा ठरलेल्या हेतूसाठी खर्च होत नाही, ही त्यांची तक्रार होती. तडजोड व्हायला २००८ उजाडलं.

संस्थेनेही आपली बाजू सांभाळायला हवी. पावती आणि आभार आठवड्याच्या आत गेलेच पाहिजेत. वर्षाअखेरीस एक पान पाठवा: किती आले, कशावर गेले, किती उरले. वर्षातून चारदा पत्र जात असेल, तर पैशांची मागणी त्यातल्या एकातच असावी. फक्त वर्गणीसाठी आठवण काढली जाते, असं एकदा मनात बसलं की माणूस हात आखडता घेतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

माजी विद्यार्थ्यांना मतही असतं. हार्वर्डमध्ये 'बोर्ड ऑफ ओव्हरसीअर्स' या देखरेख मंडळाचे सदस्य १८६५ पासून माजी विद्यार्थी निवडून देतात. असा अधिकार नसेल तिथे निदान अभ्यासमंडळावर एखादी जागा मागावी आणि तिथे 'अभ्यासक्रम जुनाट आहे' एवढंच म्हणून थांबू नये. कोणता भाग काढायचा, त्या जागी काय आणायचं, किती तासांत आणि शिकवणार कोण, हे लिहूनच बैठकीला जावं.

आता संघाच्या कार्यकारिणीविषयी. मुदत दोन-तीन वर्षांची ठेवा आणि सगळे पदाधिकारी एकदम बदलू नका. निम्मे जुने राहू द्यात. यादीची प्रत, बँकेची कागदपत्रं आणि संकेतस्थळाचे पासवर्ड एकाच उत्साही माणसाच्या लॅपटॉपवर न राहता विद्यापीठाच्या कार्यालयातही असावेत, आणि नवी कार्यकारिणी आली की त्याच आठवड्यात ते पासवर्ड बदलावेत.