शिकाऊ उमेदवार: करार असलेला आणि नसलेला

आयटीआयचा निकाल लागला की तुमच्यातले बरेचजण कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर उभे असतील. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, ट्रेड कोणताही असो. सुपरवायझर सांगेल, "उद्यापासून ये, ट्रेनी म्हणून घेतलंय." घरी आनंद होईल आणि तो व्हायलाच हवा. पण आत पाऊल टाकण्याआधी एक प्रश्न विचारा: साहेब, माझा उमेदवारी करार सरकारच्या अॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जाणार आहे ना? आज मी त्या एका प्रश्नासाठीच इथे आलोय.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. त्याचं कलम १८ स्पष्ट सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. म्हणजे पगाराऐवजी विद्यावेतन आणि पीएफही नाही. ऐकायला हे कडू लागतं. पण त्यामागे एक देवाणघेवाण आहे. तुम्ही कमी पैशांत राबता, कारण समोरचा तुम्हाला धंदा शिकवण्याचं लेखी वचन देतो. ते वचनच दिलं नसेल तर कमी पैसे देण्याचा हक्क त्याला कुठून मिळाला?

कायदाही हेच म्हणतो. १९६१ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवार म्हणजे उमेदवारीच्या करारानुसार प्रशिक्षण घेणारी व्यक्ती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार वगळलेत खरे, पण कोणते? याच व्याख्येत बसणारे. करार नाही, अभ्यासक्रम नाही आणि पोरगं पहिल्या पाळीपासून प्रॉडक्शनवर उभं, तर नुसतं 'ट्रेनी' म्हटल्याने त्याचं कामगारपण पुसलं जात नाही. मग किमान वेतनाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारायलाच हवा.

करार झाला की काय मिळतं? मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम १३ चं दुसरं पोटकलम. त्याबद्दल फार कमी मुलांना माहीत असतं. उमेदवाराला पीसरेटवर, म्हणजे नगावर पैसे देता येत नाहीत, आणि उत्पादनाच्या बोनसच्या किंवा इन्सेंटिव्हच्या योजनेत त्याला ओढताही येत नाही. हे का ठेवलं असेल, याचा विचार करा. नगावर पैसे मिळायला लागले की मुलगा स्वतःच एका ड्रिल मशीनला चिकटतो. दिवसभर तेच भोक, तोच जिग. हात वेगात चालतो, महिन्याला चार पैसे जास्त येतात, आणि वर्ष संपल्यावर त्याला ना ड्रॉइंग वाचता येतं, ना मायक्रोमीटर नीट धरता येतो, ना लेथवर थ्रेड कापता येतो. मालकाला स्वस्तात ऑपरेटर मिळाला, मुलाचं शिकायचं वय गेलं. ही लूट मला विद्यावेतन थकवण्यापेक्षाही वाईट वाटते. थकलेले पैसे मागता येतात, गेलेलं वर्ष कुणाकडे मागणार?

ओव्हरटाइमचंही तसंच. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तुम्हाला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. प्रशिक्षणाच्या किंवा लोकांच्या हिताचं असेल, तरच त्याने ती मंजुरी द्यायची.

आता पैशांचं. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवली. आयटीआय झालेल्याला ७,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवेत. किरकोळ किंवा आजारपणाच्या रजेचे पैसे कापता येत नाहीत. गाव सोडून एमआयडीसीजवळ खोली घेणाऱ्या मुलाला ही रक्कम पुरत नाही, हे मी ठामपणे म्हणतो. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये ३६ टक्के वाढीची, म्हणजे ६,८०० ते १२,३०० रुपयांची शिफारस केली, तीही उशिराच. आणि लक्षात ठेवा, नियमांतला आकडा हा किमान आहे. त्याहून जास्त द्यायला कुठल्याही कंपनीला बंदी नाही.

प्रेसवर, वेल्डिंगवर, उंचीवर काम करणाऱ्यांनो, तुम्ही कामगार नसलात तरी कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी तुम्हाला कामगारासारख्याच लागू आहेत. प्रशिक्षणामुळे आणि प्रशिक्षणादरम्यान अपघातात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. 'तू तर अॅप्रेंटिस आहेस' हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

उमेदवारी संपल्यावर नोकरी मिळेलच, असं कायदा सांगत नाही. कंपनीत पुढे काम करण्याची अट करारात असेल, तर मात्र योग्य जागा द्यायला मालक बांधील आहे. शिवाय २०१४ च्या दुरुस्तीनुसार, प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना कामावर घेण्याबाबतचं धोरण प्रत्येक आस्थापनेने स्वतः ठरवायचं आहे. ते काय आहे, हे सही करतानाच विचारून घ्या. उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बाकी सगळं सारखं असेल तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अॅप्रेंटिसला प्राधान्य द्यावं.

आणि भांडण झालंच तर? करारातून उद्भवलेला वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. त्यासाठी कराराची प्रत, हजेरीची नोंद आणि बँकेत पैसे जमा झाल्याच्या तारखा पहिल्या महिन्यापासून स्वतःजवळ ठेवा.