दार कोणी उघडलं?

(अमळनेर येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजच्या विषयाचे दोन तुकडे वरवर पाहता एकमेकांचे कुणी लागत नाहीत. एक म्हणजे जेफ बेझोस यांनी १९९४ साली मांडलेला पुस्तकविक्रीचा डाव, म्हणजे आजची अ‍ॅमेझॉन. दुसरा तुकडा तीन दारांच्या कोड्याचा. या कोड्यावरून १९९० साली अमेरिकेत गणिताचे प्राध्यापकसुद्धा हमरीतुमरीवर आले होते. पण दोन्हींत गोम एकच आहे. समोर आलेली माहिती कोणी निवडून आणली, हे विचारल्याशिवाय शक्यता मोजायला बसलात की हिशोब फसतो.

आधी कोडं घेऊ. तीन बंद दारं आहेत. एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. मोटार कुठे आहे हे सूत्रधाराला ठाऊक आहे. तुम्ही एक दार निवडता. तो उरलेल्या दोनांपैकी बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, ‘बदलायचंय का?’

‘लेट्स मेक अ डील’ हा अमेरिकी टीव्हीवरचा खेळ १९६३ पासून मॉन्टी हॉल चालवत, म्हणून कोड्याला त्यांचं नाव चिकटलं. १९७५ साली स्टीव्ह सेल्विन यांनी ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये ते मांडलं, तेव्हा फार कुणी कान टवकारले नाहीत. सप्टेंबर १९९० मध्ये मेरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी ‘परेड’ साप्ताहिकातल्या सदरात उत्तर दिलं की बदला, जिंकण्याची शक्यता दोन तृतीयांश होते. त्यावर सुमारे १०,००० पत्रं आली, आणि त्यांतली हजारभर पीएचडीधारकांची होती. बहुतेकांचं म्हणणं होतं की बाई चुकल्या. बाई बरोबर होत्या. पॉल एर्डॉशसारख्या दिग्गज गणितीलाही संगणकावर खेळ चालवून दाखवेपर्यंत हे पटलं नव्हतं. कबुतरांना मात्र सरावाने जमलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती जवळजवळ प्रत्येक वेळी बदलायला शिकली. त्यांना पत्रं लिहायची नव्हती, हा त्यांचा फायदा.

हिशोब ९० डावांवर करू, म्हणजे अपूर्णांकांची कटकट नाही. पहिली निवड ३० डावांत बरोबर पडेल, ६० डावांत चूक. ज्या ६० डावांत तुम्ही बकरीवर बोट ठेवलंय, त्यांत सूत्रधाराला पर्यायच उरत नाही. उरलेल्यांतली एकमेव बकरी त्याला दाखवावी लागते, आणि मोटार असलेलं दार तो हात न लावता सोडतो. म्हणजे बदलणारा ६० वेळा जिंकतो, न बदलणारा ३० वेळा. संपलं.

आता सूत्रधार बदला. त्याला मोटार कुठे आहे ते माहीत नाही, तो आपला अंदाजाने एक दार उघडतो आणि योगायोगाने बकरी निघते. तुमच्या डोळ्यांना तेच दृश्य दिसतं, एक उघडं दार, एक बकरी, दोन बंद दारं. मागच्या रांगेतून आवाज आलाच, ‘त्यामा काय फरक पडस?’ फरक पडतो, आणि चांगला घसघशीत पडतो. त्या ६० चुकलेल्या डावांपैकी निम्म्यांत, म्हणजे ३० डावांत, त्याच्या हातून मोटारच उघडी पडेल. ते डाव बाद. उरले ६०. त्यांत ३० वेळा तुमची पहिली निवड बरोबर, ३० वेळा चूक. आता बदला नाहीतर बदलू नका, निम्मं-निम्मं. पत्रं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी नकळत या दुसऱ्या सूत्रधाराचं गणित केलं होतं.

तिसरा सूत्रधार लबाड. तुम्ही बरोबर दार निवडलं असेल तरच तो बदलण्याची संधी देतो, एरवी तुमचं दार उघडून बकरी हातात ठेवतो. याच्यापुढे बदलणारा दर वेळी हरतो. जुलै १९९१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर या वादाची बातमी आली. तिच्यासाठी खुद्द मॉन्टी हॉल यांनी घरी बसून हा खेळ करून दाखवला होता. संधी द्यायचीच असं बंधन सूत्रधारावर नसेल तर तो समोरच्याला हवा तसा खेळवू शकतो, हे त्यांनी लगेच ओळखलं. पीएचडीधारकांपेक्षा त्यांना हे आधी दिसणारच, आयुष्यभर दार उघडायच्या बाजूला तेच उभे होते.

हा प्रयोग घरी करा. सारख्या तीन स्टीलच्या वाट्या, एक शेंगदाणा, एक फासा, एक नाणं आणि वही. मांडणाऱ्याने आडोशाला फासा टाकायचा. १ किंवा २ पडलं तर डावी वाटी, ३ किंवा ४ ला मधली, ५ किंवा ६ ला उजवी. मनाने ठेवायला गेलात तर हात एखाद्याच वाटीकडे वळतो आणि समोरचा ते ताडतो. निवडणाऱ्यानेही फाशानेच निवडावं. निवडलेल्या वाटीखालीच शेंगदाणा असेल तर बाकीच्या दोनांपैकी कोणती उचलायची हे नाण्याने ठरवा. इथे बरेच जण चुकतात. अशा वेळी मांडणारा नेहमी डावीकडचीच उचलत असेल, तर त्याने उजवीकडची उचलताच शेंगदाणा कुठे आहे ते फुकटात कळतं, आणि डावीकडची उचलली तर शक्यता निम्म्यावर येते. सगळ्या डावांची सरासरी दोन तृतीयांशच राहते, पण एकेका डावाचा अर्थ बदलतो. वाट्यांखाली जाड कापड अंथरा, नाहीतर आवाजावरून पत्ता लागतो.

दर वेळी बदलायचंच, आणि जिंकलात की वहीत टिंब. न बदलण्याचे डाव वेगळे खेळायची गरज नाही, बदलणारा जिथे हरला तिथे न बदलणारा जिंकला असता.

दहा डावांत निकाल लावू नका. शक्यता दोन तृतीयांश असूनही दहांपैकी पाच किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता २१ टक्के आहे, म्हणजे पाच घरांत प्रयोग झाला तर एखाद्या घरात ‘निम्मं-निम्मंच आहे हो’ असा शिक्का बसणार. ९० डाव खेळा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. दोन तृतीयांश खरं असेल तर विजय बहुतेक वेळा ५१ ते ६९ च्या दरम्यान येतील, निम्मं खरं असेल तर ३६ ते ५४. दोन्ही पट्टे थोडेसे एकमेकांवर चढतात, पण निवाडा होतो. आकडा ५० च्या खाली आला तर गणितावर संशय घेण्याआधी मांडणाऱ्यावर घ्या.

आता बेझोस. १९९४ साली ते न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ या गुंतवणूक कंपनीत वरिष्ठ उपाध्यक्ष होते. वेबचा वापर वर्षाला २,३०० टक्क्यांनी वाढतोय, हा आकडा त्यांच्या नजरेला पडला. इंटरनेटवर विकता येतील अशा २० वस्तूंची त्यांनी यादी केली आणि पुस्तकं निवडली. कारण रोकडं होतं. छापील पुस्तकांची संख्या ३० लाखांच्या वर, एवढी कुठल्याच दुकानाच्या फळीवर मावणं शक्य नाही. शिवाय इन्ग्राम आणि बेकर अँड टेलर हे दोन बडे घाऊक वितरक जवळपास सगळा माल पुरवत, म्हणजे आपल्याला साठा करायला नको. गाव निवडलं सिअ‍ॅटलजवळचं बेलव्ह्यू. तिथे संगणकाचं काम जाणणारी माणसं होती. इन्ग्रामचं मोठं गोदाम शेजारच्या ऑरेगन राज्यात होतं. आणि बेलव्ह्यू ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे त्याची लोकसंख्या कमी होती. ज्या राज्यात दुकानाचं ठाणं नाही तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर गोळा करायची सक्ती तेव्हा नव्हती. त्यामुळे आपलं राज्य लहान असेल तर बिनकराचं गिऱ्हाईक जास्त.

भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये काम सुरू झालं. टेबलं महाग, म्हणून बाजारातून दारं आणून त्यांना पाय ठोकले. (दारांनी इथेही पिच्छा सोडला नाही.) खरी अडचण घाऊक खरेदीची होती. वितरक एका वेळी किमान दहा पुस्तकांची मागणी घेत, आणि यांना चाचणीसाठी हवं असे एकच. मग लक्षात आलं की दहा मागवायची सक्ती आहे, दहा मिळायची नाही. वितरकाच्या यादीत दगडफुलावरचं एक पुस्तक होतं, साठ्यात मात्र कधीच नसे. हवं ते एक आणि दगडफुलाची नऊ, अशी मागणी जायची. पुस्तक एकच यायचं, नऊंबद्दल दिलगिरीची चिठ्ठी. जुलै १९९५ मध्ये संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं झालं.

पैशाची बाजू आपल्या कामाची आहे. बेझोस यांनी सुमारे १० लाख डॉलर उभे केले, बहुतेकांकडून साधारण ५०-५० हजार. ६० जणांना भेटले, ४० जणांनी नकार दिला. आईवडिलांना त्यांनी बजावलं होतं की पैसे बुडण्याची शक्यता ७० टक्के आहे. तरीही १९९५ मध्ये त्या दोघांनी २,४५,५७३ डॉलर घातले. बेझोस यांचा हिशोब असा की नव्या धंद्याला यशाची शक्यता फार तर १० टक्के, मी स्वतःला ३० देतो. मला विचाराल तर ३० हा अंदाजपंचेच आकडा आहे, पण मांडणीची पद्धत शहाणपणाची. आधी सगळ्यांना लागू होणारा दर घ्यायचा, मग आपल्याकडे वेगळी माहिती काय आहे ते पाहून तो वरखाली करायचा. बहुतेक जण पहिली पायरीच गाळतात.

मग नकार देणारे ४० जण मूर्ख होते का? शक्यता ३० टक्के धरली तर यश आल्यावर पैशाचे सव्वातीन पटींहून थोडे जास्त झाले की बरोबरी होते. १० टक्के धरली तर दहा पट व्हायला हवेत. समोर गॅरेज आणि दारांची टेबलं दिसत असताना कुणी दहा टक्के धरून हात आखडता घेतला, तर त्याचं गणित चुकलं असं नाही. नंतर मोटार निघाली म्हणून आधीची शक्यता बदलत नाही.

आपल्यासमोर हे दार उघडलं गेलं, ते मोटार निघाली म्हणूनच. पुस्तकं, मुलाखती, प्रेरणादायी भाषणं हा चौथा सूत्रधार, बकऱ्यांची दारं तो उघडतच नाही. समजा १,००० जणांनी धंदे काढले आणि १०० टिकले. टिकलेल्यांपैकी ९० जणांनी नोकरी सोडलेली, बुडालेल्या ९०० पैकी ८१० जणांनीही सोडलेली. ‘यशस्वी उद्योजकांपैकी ९० टक्क्यांनी नोकरी सोडली होती’ हे वाक्य सोळा आणे खरं, पण नोकरी सोडणाऱ्या ९०० पैकी टिकले ९०, म्हणजे तेच १० टक्के. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण खाली बुडालेल्यांची रांग मांडल्याशिवाय वरची वाचायची नाही, एवढं खरं.

अमळनेरकरांना हे समजायला सिअ‍ॅटलला जायला नको. विप्रोची सुरुवात इथेच, १९४५ साली, वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. ज्यांनी तिचे शेअर न विकता पेटीत ठेवले ते कोट्यधीश झाले, हे इथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा कळतं. त्यावरून ‘शेअर विकायचाच नसतो’ असा नियम काढणारे भेटतात. बंद पडलेल्या कंपन्यांचे शेअरही लोकांनी तितक्याच निष्ठेने पेटीत ठेवले होते. ते कागद रद्दीत गेले, त्यांची गोष्ट टपरीवर कोण सांगणार?

शेवटी रोजच्या व्यवहारातलं. मोबाईलवर शेअरच्या टिप्स देणारे येतात, सहा आठवडे अंदाज बरोबर देतात, सातव्याला पैसे मागतात. त्यांना काहीही येत नसताना हे जमतं. ६,४०० जणांची यादी घ्यायची. निम्म्यांना ‘वाढेल’, निम्म्यांना ‘पडेल’. ज्यांच्या बाबतीत चुकलं त्यांना सोडून द्यायचं. पहिल्या आठवड्यानंतर ३,२००, मग १,६००, ८००, ४००, २००, आणि सहाव्यानंतर १०० जण, ज्यांनी या माणसाला एकदाही चुकताना पाहिलेलं नाही. त्या १०० जणांतल्या प्रत्येकाला वाटतं, सहाच्या सहा बरोबर, आणखी काय पुरावा हवा. अशा वेळी पुढची टिप मागू नका. तुमच्यासह सगळ्यांना पाठवलेल्या सगळ्या संदेशांची, तारीखवार, एकही न वगळता यादी मागा.