जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच का?

नमस्कार मंडळी. कोर्टनाक्यावर उभा आहे, तेव्हा रिक्षांचे हॉर्न सहन करा. माझ्या मागे ठाण्याचं जिल्हा न्यायालय, आणि इथून चालत जाता येईल एवढ्यावर ठाणे मध्यवर्ती कारागृह. जेल कसलं, जुना किल्लाच तो. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. अनंत कान्हेरेंना १९१० मध्ये फाशी दिली ती इथेच. त्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करू.

आज बघायचंय ते कोर्टातली ऑर्डर आणि जेलचं गेट यांच्यामधलं अंतर. पायी काही मिनिटांचं. पण गरीब आरोपीची निम्मी शिक्षा या अंतरातच भोगून होते, आणि तीही गुन्हा शाबीत व्हायच्या आधी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच आकडा देतो, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. चारातले तीन!

आता समजा, जालन्याहून आलेला एक गवंडी आहे. रोज सकाळी तुर्भे नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते काम घेतो. बारा हजारांचा मोबाइल चोरल्याच्या आरोपात पोलिसांनी त्याला धरलं. चोरला की नाही, ते खटल्यात ठरेल. बेलापूरच्या कोर्टाने जामीन दिला: १५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. बायकोला वाटतं, सुटला! कसला सुटतोय? जामीनदार म्हणजे "हा तारखेला आला नाही तर एवढी रक्कम माझ्याकडून वसूल करा" असं लिहून देणारा माणूस. त्याचं आधार पाहिजे, रेशनकार्ड पाहिजे, पगाराची स्लिप नाहीतर घराचे कागद पाहिजेत, बऱ्याचदा तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखलाही पाहिजे. आणि हो, माणूस शक्यतो इथलाच पाहिजे.

नाक्यावरच्या कामगाराला असा माणूस कुठून मिळणार? सोबतचे सगळे त्याच्यासारखेच, कुणाचं रेशनकार्ड बीडचं, कुणाचं वाशीमचं. चाळमालक हात झटकतो. मुकादम फोनच उचलत नाही. भाऊ गावाकडून यायला तयार आहे, सातबाराही आहे त्याच्या नावावर, पण "बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही" असं ऐकून तोही गप्प बसतो. चांगला वकील असता तर कोर्टाला म्हणाला असता, "साहेब, आत्ता रोख भरतो, जामीनदाराला चार आठवड्यांची मुदत द्या." पण रोख तरी कुणाकडे आहे? त्यात कोर्ट ठाणे जिल्ह्यात, तळोजा जेल रायगड जिल्ह्यात. बायकोने घरकाम सोडून किती फेऱ्या मारायच्या?

मग आवारात कुणीतरी हळूच विचारतं, "जामीनदार पाहिजे का?" भाड्याचा जामीनदार. बनावट रेशनकार्डं वापरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. म्हणजे जो कागद आरोपीला बांधून ठेवण्यासाठी मागितला, तोच खोटा. व्यवस्थेने स्वतःच काढलेलं दुकान आहे हे, दुसरं काय!

बरं, हे कोर्टांना माहीत नाही असं समजू नका. १९७८ चा मोतीराम खटला बघा. मध्य प्रदेशातला हा आरोपीही गवंडीच. खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्ख्या भावाला नाकारलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर चांगलीच कानउघाडणी केली आणि १ हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. रक्कम खटल्याची परिस्थिती बघून ठरवावी, अवाजवी नसावी, हे तर कायद्यातच लिहिलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यातही, कलम ४८४ मध्ये ते आहे.

इथे तुमच्यातले काही म्हणणार, "दादा, उद्या पळून गेला तर? ज्याचा मोबाइल गेला त्याने काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. फिर्यादीलाही न्याय हवाच. पण पळून जाण्याची भीती आणि खिशातले पैसे यांचा संबंध काय? ज्याच्याकडे पासपोर्ट आणि पैसा आहे, तो जास्त लांब पळू शकतो. कामगाराची मुलं इथल्या शाळेत आहेत का, किती वर्षं तो याच नाक्यावर उभा राहतो, हे तपासा. आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरीची अट घाला. पुण्यातल्या पोर्शे अपघातानंतर २०२४ मध्ये जामिनासाठी घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून आपण सगळे भडकलो. भडकायलाच हवं होतं. पण त्यातून "कुणालाच जामीन नको" असा सूर निघाला, की मार बसतो तो या गवंड्यालाच.

आता कामाचं. ऐका, आणि लिहून घ्या.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या ऑर्डरची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलला पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं. शिवाय स्थानिक जामीनदारामुळेच सुटका अडते, त्यामुळे ती अट लादू नये, असंही त्यात आहे. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आली. जिल्हा समितीने मंजुरी दिली तर कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी रक्कम मिळते; २०२३ मध्ये तिची मर्यादा ४० हजार होती. मात्र काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे त्यातून वगळलेत.

आणि त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. आरोपी आधी कधीच दोषी ठरलेला नसेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर जातमुचलक्यावर सोडायचं. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि अनेक खटले चालू असणाऱ्यांना हे लागू नाही. हा अर्ज करणं जेल अधीक्षकाचं काम आहे, घरच्यांचं नाही.

कोठडीतल्या कुणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. फोन करताना आरोपीचं नाव, जेल, केस नंबर आणि जामिनाच्या ऑर्डरची तारीख हाताशी ठेवा. "जामीन झालाय पण जामीनदार नाही" हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि अट बदलायचा अर्ज कधी लागेल, त्याची तारीख विचारून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.