कानातलं, पट्टा आणि युनिफॉर्म

नमस्कार श्रोतेहो, आज स्टार ट्रेक या अंतराळावरच्या अमेरिकन मालिकेबद्दल बोलायचंय, पण अंतराळयानं आणि फेझर नावाच्या बंदुका वगैरे नाही, त्यावर सगळेच बोलतात. मला बोलायचंय त्यातली माणसं युनिफॉर्मवर काय काय घालतात त्याबद्दल, म्हणजे बॅज, पट्टे, कानातलं. कारण युनिफॉर्म सगळ्यांचा सारखाच असतो, माणूस कळतो तो त्यावरच्या वस्तूंवरून.

सुरुवात बॅजपासूनच करूया. 1966 साली अमेरिकेत मूळ मालिका सुरू झाली, कपडे विल्यम वेअर थाइसचे. छातीवर तो बाणाच्या टोकासारखा आकार, आणि त्याच्या आत कमांडवाल्यांना तारा, सायन्सवाल्यांना गोल, इंजिनियरिंगवाल्यांना पिळाची खूण. मग 1987 ला कॅप्टन पिकार्डची पुढची मालिका आली आणि बॅज हाच फोन झाला, टिचकी मारली की थेट जहाजाशी बोलणं. त्यामुळे बॅज काढणं म्हणजे नुसती पिन काढणं राहिलं नाही, तो काढला की तुम्ही तुमच्या माणसांना दिसेनासे होता आणि कुणी तुम्हाला हाकही मारू शकत नाही. 1990 चा ‘रीयुनियन’ एपिसोड बघा, त्यात पिकार्डच्या जहाजावरचा अधिकारी वॉर्फ, क्लिंगॉन नावाच्या लढवय्या परग्रहवासी जमातीचा, सूड घ्यायला निघतो तेव्हा आधी बॅज काढून ठेवतो. संवादाची गरजच पडत नाही.

आता आपल्या मुंबईची गोष्ट. 1979 च्या पहिल्या स्टार ट्रेक सिनेमात इलिया नावाची परग्रहावरची अधिकारी होती पर्सिस खंबाटा, 1965 ची मिस इंडिया, आणि त्या रोलसाठी तिने डोक्याचे सगळे केस काढले होते. सिनेमात इलियाला एक महाकाय यंत्र उचलून नेतं आणि तिच्यासारखीच दिसणारी एक यंत्र-बाई पाठवतं. त्या प्रतिकृतीच्या आत खऱ्या इलियाची काही आठवण उरलीय का हे शोधायला डॉक्टर चॅपल काय करते, तर इलियाचा तिच्या ग्रहावरचा कपाळपट्टा तिला घालते, आणि क्षणभर आतली इलिया खरंच जागी होते! अख्ख्या जहाजावर एवढी उपकरणं आहेत पण आठवण हलते ती माहेरच्या एका दागिन्याने. लोक त्या सिनेमाला संथ म्हणतात, असू दे, तो सिनेमा आवडायला मला हा एक सीन पुरेसा आहे.

मूळ मालिकेतल्या स्पॉकचं ते त्रिकोण आणि वर्तुळाचं पदक आठवतं का? 1968 मध्ये आलं, आणि आलं ते मुळात विकण्यासाठी, मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरीला ते स्वतःच्या मेल ऑर्डर कंपनीतून विकायचं होतं, आणि सेटवर स्पॉक झालेला लेनर्ड निमॉय आणि कॅप्टन कर्क झालेला विल्यम शॅटनर दोघांनाही ही जाहिरातबाजी आवडली नव्हती. पण त्यामागचा अर्थ, वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या की त्यातूनच सुंदर काहीतरी होतं, हा चाहत्यांनी मनापासून उचलला आणि आजही ते पदक लोक प्रेमाने घालतात.

पिकार्डच्या जहाजावरचा इंजिनियर जॉर्डी ला फोर्ज, त्याच्या डोळ्यांवरची ती सोनेरी पट्टी तर मला सगळ्यात प्रिय. तो जन्मापासून आंधळा, पट्टीमुळे बघतो, आणि ती लपवत नाही. त्याचं नाव ठेवलंय जॉर्ज ला फोर्ज नावाच्या एका चाहत्यावरून, त्याला स्नायूंचा गंभीर आजार होता आणि तो 1975 मध्ये गेला. 1992 च्या एका भागात एक वसाहत आहे जिथे फक्त निवडलेली, निर्दोष बाळंच जन्माला येऊ देतात, म्हणजे जॉर्डी तिथे जन्मलाच नसता, आणि तीच वसाहत वाचते ती जॉर्डीच्या पट्टीतल्या तंत्रामुळे.

आणि आता रो लॅरेन, जिच्यासाठी मी खरं तर आज बोलायला बसलोय. 1991, पिकार्डच्याच मालिकेतला ‘एन्साइन रो’ हा एपिसोड, भूमिका मिशेल फोर्ब्सची. रो बजोर ग्रहाची, तिथे कार्डेशियन लोकांनी कब्जा केलाय, लोक छावण्यांमध्ये राहतायत, आणि बजोरन लोकांचं कानातलं म्हणजे हौस नाही, तो त्यांचा धर्म आहे, पुढे ‘डीप स्पेस नाइन’ या स्टार ट्रेकच्याच दुसऱ्या मालिकेत तर त्यांची धर्मगुरू कान धरूनच माणसाचा आत्मा ओळखते. ही रो जहाजावर पाऊल टाकते आणि पिकार्डच्या हाताखालचा मुख्य अधिकारी रायकर तिला युनिफॉर्मचे नियम सांगून कानातलं काढायला लावतो. ती काढते. पण त्याच जहाजावर वॉर्फ पहिल्या सीझनपासून खांद्यावरून तिरपा क्लिंगॉन पट्टा घालून फिरतोय, आधी सोनेरी, मग जाड धातूचा, आणि त्याला कुणी एका शब्दाने विचारत नाही! नियम एकच, मग एकाला सूट आणि एकीला नाही असं का? माझं म्हणणं आहे की नियमाचा प्रश्नच नव्हता, वॉर्फवर विश्वास होता आणि रोवर नव्हता, ती कोर्ट मार्शल होऊन आलेली. एपिसोडच्या शेवटी पिकार्ड तिला थांब म्हणतो तेव्हा ती एकच अट घालते, कानातलं घालणार. तो मान्य करतो. आपल्याकडे शीख जवान पगडी घालूनच सैन्यात असतो, अमेरिकन लष्कराने मात्र पगडीची परवानगी सोपी करणारा नियम 2017 मध्ये केला, म्हणजे रोच्या एपिसोडनंतर 26 वर्षांनी, हे लक्षात घ्या.

1994 मध्ये रो स्टारफ्लीट, म्हणजे या सगळ्यांचं अंतराळ दल, सोडून बंडखोरांकडे जाते, पिकार्डला ते फार लागतं. मग थेट 2023, ‘स्टार ट्रेक: पिकार्ड’चा तिसरा सीझन. रो परत येते, भांडण होतं, दोघं मन मोकळं करतात, आणि मरण्याआधी ती ते कानातलं पिकार्डच्या हातात ठेवते. त्यात तिने जमवलेली सगळी गुप्त माहिती असते. थोड्या वेळाने त्या कानातल्यातूनच कॉल येतो, ऐकायला पिकार्डशेजारी रायकर उभा असतो, ज्याने ते काढायला लावलं होतं, आणि पलीकडे असतो वॉर्फ.