फिरणारं प्रथिन

'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर' हे वाक्य सगळ्यांनाच पाठ असतं. पण या ऊर्जाघरात नेमकं चालतं काय, असं विचारलं की बहुतेकांची गाडी क्रेब्ज चक्रापाशी, म्हणजे अन्नाचे रेणू मोडून त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेणाऱ्या क्रियांपाशी, अडते. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

पडद्यावर दिसतंय ते तंतुकणिकेचं आतलं पटल. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या पटलातल्या प्रथिनांमधून शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि त्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर ढकलले जातात. पटलाच्या दोन बाजूंत साधारण 150 मिलिव्होल्टचा फरक पडतो. आकडा किरकोळ वाटेल. पण पटलाची जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर, म्हणजे मीटरमागे सुमारे 3 कोटी व्होल्ट!

पेशीची कामं ज्या रेणूतल्या ऊर्जेवर चालतात, ते एटीपी तयार होतं ते या प्रोटॉनांच्या ओढीवर, असं ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडलं. तेव्हा बाकीचे ऊर्जा पुढे पोचवणारा एखादा मधला रेणू शोधण्यात गुंतले होते. मिचेल यांचं म्हणणं बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तो रेणू काही सापडला नाही. 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र मिचेल यांना मिळालं.

प्रोटॉन आत परततात ते एटीपी सिंथेजमधून. हे विकर (एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवणारं प्रथिन) म्हणजे चक्क एक मोटर. पटलात रुतलेलं चक्र, त्याला जोडलेला दांडा आणि दांड्याभोवती तीन जागा. प्रोटॉन शिरले की चक्र फिरतं, त्याबरोबर दांडाही. दांडा सगळीकडून सारखा नाही, त्यामुळे तो वळेल तसा तिन्ही जागांचा आकार आळीपाळीने बदलतो. एकीत एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेलं एटीपी) आणि फॉस्फेट येऊन बसतात, दुसरीत ते जोडले जातात, तिसरीतून तयार एटीपी सुटतं. आणि ऊर्जा खर्च होते ती मुख्यतः जोडण्यात नाही, घट्ट धरलेलं एटीपी सोडवण्यात! अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बॉयर यांचा हा विचार पचायला जरा वेळ लागतो.

पण हे फिरणं कुणी पाहिलंय का? हो, 1997 मध्ये. जपानी संशोधकांनी या प्रथिनाचा तीन जागांचा भाग काचेवर चिकटवला, दांड्याला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला आणि वरून एटीपी घातलं. यंत्र उलटं चालू लागलं. एटीपी मोडत गेलं, दांडा फिरत गेला आणि त्याच्याबरोबर प्रथिनाच्या शंभरपट लांबीचा तो धागाही, शंभराहून जास्त फेरे, एकाच दिशेने. सूक्ष्मदर्शकाखाली, डोळ्यांदेखत. जीवशास्त्रात इतके देखणे प्रयोग थोडेच.

आता हेच प्रोटॉन मोटरीला बगल देऊन आत शिरले तर? सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. डायनायट्रोफिनॉल हे रसायन नेमकं हेच घडवतं. 1930 च्या दशकात ते वजन घटवायला घेतलं जायचं. अंगातली उष्णता हाताबाहेर जाऊन काही जण दगावले आणि 1938 मध्ये अमेरिकेत या औषधाचा गाशा गुंडाळला गेला. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत मात्र ही गळती मुद्दाम ठेवलेली असते. बाळाला नीट कुडकुडता येत नाही, म्हणून तिथलं एक प्रथिन प्रोटॉनांना आडवाट करून देतं, आणि अंग गरम राहतं.